संदर्भ लेख : क्लाऊडवरील आभासी प्रयोगशाळा – रचना, उपयोग आणि मर्यादा

नवी दिल्ली : विज्ञान व अभियांत्रिकीचे शिक्षण प्रयोगावाचून अपुरे राहते, याविषयी दुमत नाही. तथापि अनेक शाळा-महाविद्यालयांत उपकरणे अपुरी असतात, काही नादुरुस्त पडून असतात आणि एका संचाभोवती विद्यार्थ्यांचा घोळका उभा राहिल्याने प्रत्यक्ष हात लावण्याची संधी एखाद-दुसऱ्यालाच मिळते. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी संगणकावर प्रयोगाचे प्रतिरूप उभे करण्याची, म्हणजेच सिम्युलेशनची पद्धत गेल्या दोन दशकांत शिक्षणात रुजली. क्लाऊड संगणनामुळे हे प्रतिरूप महागडा संगणक नसलेल्या विद्यार्थ्यापर्यंतही पोहोचू शकते.

केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात विज्ञान व गणिताच्या ७५० आभासी प्रयोगशाळा आणि सिम्युलेशनवर आधारित कौशल्यशिक्षणासाठी ७५ ई-प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा केली होती. त्याआधी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये दीक्षा, स्वयम् आणि स्वयंप्रभा या मंचांचा उपयोग आभासी प्रयोगशाळांसाठी करावा, जेणेकरून सर्व विद्यार्थ्यांना प्रयोगाधारित शिक्षणाची समान संधी मिळेल, असे नमूद करण्यात आले. ही समान संधी तंत्रज्ञान कितपत देऊ शकते आणि ते कोठे थांबते, हे समजण्यासाठी या व्यवस्थेची घडण पाहणे आवश्यक ठरते.

सिम्युलेशनची परंपरा

प्रत्यक्ष धोका वा खर्च टाळून सराव करण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी एक यंत्र तयार केले. त्यांच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. तेथील भात्यांचे तंत्र वापरून लिंक यांनी विमानाच्या कक्षासारखी पेटी हवेच्या दाबाने झुकवली आणि वळवली. निळ्या रंगामुळे ‘ब्लू बॉक्स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या यंत्रावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हजारो वैमानिकांनी सराव केला. चूक झाली तरी जीव जात नाही आणि तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घडवून पाहता येतो, हे सिम्युलेशनचे दोन मूलभूत लाभ तेव्हापासून कायम आहेत.

संगणक आल्यावर यंत्राची जागा गणिती समीकरणांनी घेतली. लंबकाचा दोलनकाल, विद्युत मंडलातील प्रवाह, पुलावरील भार अथवा पंख्याभोवती वाहणारी हवा या सर्वांचे वर्तन समीकरणांत मांडता येते. विद्यार्थी लांबी, रोध किंवा वेग बदलतो, संगणक समीकरणे सोडवतो आणि परिणाम पडद्यावर दिसतो. अडचण होती ती संगणकशक्तीची. लंबकाला साधा संगणक पुरतो. हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करायचा तर अवकाशाचे लाखो लहान घटकांत विभाजन करून प्रत्येक घटकासाठी, प्रत्येक क्षणाला गणिते करावी लागतात. अशी यंत्रणा विकत घेणे बहुसंख्य महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे होते.

क्लाऊड म्हणजे काय?

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये क्लाऊड संगणनाची व्याख्या प्रसिद्ध केली. आजही ती प्रमाण मानली जाते. तिच्यात पाच लक्षणे सांगितली आहेत. ग्राहकाला हवी तेव्हा, कोणाच्याही मध्यस्थीविना सेवा घेता आली पाहिजे. ती इंटरनेटवरून विविध उपकरणांवर उपलब्ध हवी. अनेक ग्राहकांत साधनसामग्रीची वाटणी व्हावी. गरजेनुसार क्षमता तातडीने वाढावी व घटावी. आणि वापराचे मोजमाप व्हावे. वीज जशी दूरच्या केंद्रातून घरी येते आणि मीटरप्रमाणे देयक भरले जाते, तसा हा संगणकशक्तीचा पुरवठा आहे.

शिक्षणाच्या दृष्टीने यांतील क्षमतेची लवचीकता सर्वांत महत्त्वाची. महाविद्यालयातील वापर वर्षभर सारखा नसतो. प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वीच्या पंधरवड्यात शेकडो विद्यार्थी एकाच वेळी सिम्युलेशन उघडतात, तर सुटीत कोणीही फिरकत नाही. स्वतःचे संगणक घेतले तर ते परीक्षेच्या गर्दीच्या हिशेबाने घ्यावे लागतात आणि उरलेला काळ धूळ खात पडतात. क्लाऊडवर मात्र मागणी वाढताच अधिक आभासी यंत्रे सुरू होतात आणि गर्दी ओसरल्यावर बंद करता येतात.

याचे दुसरे अंग म्हणजे एकसारखेपणा. संगणक प्रयोगशाळेतील पन्नास यंत्रांवर एखादे सॉफ्टवेअर बसवताना प्रत्येक यंत्राची आवृत्ती, स्मृती आणि कार्यप्रणाली वेगळी असल्याने शिक्षकाचा बराच वेळ जातो. क्लाऊडवर सॉफ्टवेअर व त्याला लागणाऱ्या सर्व घटकांचा एकच संच तयार करून ठेवता येतो. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचीच ताजी प्रत मिळते. ती बिघडली तर टाकून दुसरी घेता येते.

गणित कोठे होते, यावर सारे अवलंबून

‘क्लाऊडवरील सिम्युलेशन’ या एकाच नावाखाली तीन भिन्न रचना येतात. त्यांतील निवड चुकली तर उत्तम प्रयोगही वर्गात निरुपयोगी ठरतो.

पहिल्या रचनेत क्लाऊड केवळ वितरकाचे काम करतो. सिम्युलेशनची लहानशी फाइल एकदा विद्यार्थ्याच्या फोनवर वा संगणकावर येते आणि पुढील सर्व गणिते तेथील ब्राउझरमध्येच होतात. फाइल उतरल्यानंतर इंटरनेट खंडित झाले तरी बहुधा अडत नाही. शालेय पातळीवरील बहुतांश प्रयोगांसाठी ही रचना पुरेशी आहे.

दुसऱ्या रचनेत विद्यार्थी केवळ माहिती भरतो. गणिते दूरच्या यंत्रावर होतात आणि आलेख, तक्ता वा चित्र या स्वरूपात उत्तर परत येते. येथे इंटरनेट लागते, पण फारसे वेगवान नसले तरी चालते, कारण ये-जा करणारी माहिती थोडी असते. द्रवगतिकी, संरचनांचे विश्लेषण, अर्धवाहकांचे प्रतिरूप अशा जड विषयांसाठी ही रचना उपयुक्त ठरते.

तिसऱ्या रचनेत संपूर्ण संगणकाचा पडदाच दूरवरून चलच्चित्रासारखा विद्यार्थ्याकडे पाठवला जातो. त्रिमितीय आराखडे, आभासी वास्तव किंवा मोठी व्यावसायिक सॉफ्टवेअर यांसाठी ती वापरली जाते. विद्यार्थ्याकडे साधा संगणक असला तरी भागते, परंतु अखंड व वेगवान जोडणी अनिवार्य असते. माऊस हलविल्यानंतर पडद्यावर हालचाल दिसण्यास विलंब झाला तर काम करणे जिकिरीचे होते. म्हणूनच माहिती केंद्र किती अंतरावर आहे, याला महत्त्व येते. जागतिक क्लाऊड कंपन्यांनी भारतात केंद्रे उभारल्यानंतर हा विलंब कमी झाला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथून, अॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईतून सेवा सुरू केली.

दुसऱ्या रचनेचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे ‘नॅनोहब’ आहे. क्लाऊड हा शब्द प्रचलित होण्यापूर्वीच, १९९० च्या दशकातील प्रयत्नांतून त्याची बीजे रुजली आणि २००२ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या साहाय्याने ते विस्तारले. ट्रान्झिस्टरमधील इलेक्ट्रॉनांच्या हालचालीसारखी गणिते विद्यार्थी काहीही न बसविता ब्राउझरमधून करवून घेऊ शकतात. संशोधकांनी स्वतःसाठी तयार केलेली साधनेच त्यामुळे वर्गापर्यंत पोहोचली.

भारतातील प्रयत्न

भारतात या क्षेत्रातील प्रमुख उपक्रम म्हणजे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण या राष्ट्रीय अभियानांतर्गत सुरू झालेला ‘व्हर्च्युअल लॅब्स’ प्रकल्प. त्याचे समन्वयन आयआयटी दिल्लीकडे आहे. मुंबई, कानपूर, खरगपूर, मद्रास, रुरकी व गुवाहाटी येथील आयआयटी, हैदराबादची आयआयआयटी, अमृता विश्व विद्यापीठम्, आग्र्याची दयालबाग शिक्षण संस्था, सुरतकलची एनआयटी आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचे सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ, या संस्था त्यात सहभागी झाल्या. शंभरहून अधिक प्रयोगशाळा आणि सुमारे सातशे प्रयोग या प्रकल्पातून खुले झाले.

त्यांतील प्रयोग तीन प्रकारचे आहेत. काहींत समीकरणांवर आधारित प्रतिरूप असते. काहींत प्रत्यक्ष प्रयोगशाळेत आधी घेतलेल्या मोजमापांचा साठा वापरला जातो, त्यामुळे विद्यार्थ्याला खऱ्या उपकरणाचे आकडे मिळतात. तिसऱ्या प्रकारात विद्यार्थी दूरवरच्या खऱ्या उपकरणाला इंटरनेटवरून आज्ञा देतो आणि कॅमेऱ्यातून परिणाम पाहतो. या शेवटच्या प्रकाराला क्लाऊडची लवचीकता लागू पडत नाही. उपकरण एकच असल्याने तेथे पाळी लावावीच लागते. संगणकाची प्रत क्षणात काढता येते, वर्णपटमापकाची काढता येत नाही.

प्रत्येक प्रयोगाच्या मांडणीत उद्दिष्ट, सिद्धांत, पूर्वचाचणी, कृती, सिम्युलेशन आणि उत्तरचाचणी असा क्रम असतो. महाविद्यालयांना या प्रकल्पाशी ‘नोडल केंद्र’ म्हणून जोडून घेता येते व शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतल्या जातात.

शालेय स्तरावर अमृता विश्व विद्यापीठम् आणि सी-डॅकचे मुंबई केंद्र यांनी ‘ओलॅब्स’ ही ऑनलाइन प्रयोगशाळा विकसित केली. नववी ते बारावीच्या अभ्यासक्रमातील प्रयोग तिच्यात असून इंग्रजी व हिंदीसह मराठी आणि मल्याळम् भाषांतही साहित्य उपलब्ध करण्यात आले.

आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने वेगळा मार्ग घेतला. महाग व्यावसायिक सॉफ्टवेअरऐवजी मुक्तस्रोत साधनांचा प्रसार हे त्याचे उद्दिष्ट. या प्रकल्पाच्या ‘सायलॅब ऑन क्लाऊड’ सेवेत विद्यार्थी ब्राउझरमध्येच सायलॅबची आज्ञावली चालवू शकतो. अभियांत्रिकीच्या अनेक पाठ्यपुस्तकांतील सोडविलेल्या उदाहरणांच्या आज्ञावल्या तेथे तयार आहेत. आकडे बदलून उत्तर कसे बदलते, हे लगेच तपासता येते. विद्युत मंडलांच्या रचनेसाठी ‘ई-सिम’ हे साधनही याच प्रकल्पाने विकसित केले. क्लाऊडचे भाडे परवडले तरी सॉफ्टवेअरचा परवाना परवडत नाही, हा अनेक महाविद्यालयांचा पेच अशा साधनांमुळे सुटू शकतो.

शिकणे खरोखर सुधारते का?

या प्रश्नावर झालेल्या संशोधनात अमेरिकेच्या कोलोरॅडो विद्यापीठातील २००५ चा अभ्यास वारंवार उद्धृत केला जातो. भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तेथे ‘फेट’ हा सिम्युलेशन प्रकल्प सुरू केला. या अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी खऱ्या तारा, दिवे व मापक वापरून, तर काहींनी फेटच्या पडद्यावरील साहित्याने विद्युत मंडलांचा अभ्यास केला. नंतर सर्वांना प्रत्यक्ष मंडल जोडण्यास सांगितले असता, सिम्युलेशनवर शिकलेल्यांनी संकल्पनांच्या प्रश्नांत आणि खऱ्या जोडणीतही सरस कामगिरी केली. तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन पडद्यावर दिसत असल्याने प्रवाहाची कल्पना स्पष्ट होते, हा त्यामागील युक्तिवाद आहे. फेटची अनेक सिम्युलेशन मराठीतही अनुवादित झाली आहेत.

मात्र या निष्कर्षाचा अर्थ प्रत्यक्ष प्रयोगशाळा मोडीत काढाव्यात असा होत नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात टॉन डी याँग, मार्सिया लिन आणि झकारियास झकारिया यांनी दोन्ही पद्धतींची बलस्थाने वेगळी असल्याचे दाखवून त्यांचा मेळ घालणे हितावह असल्याचे प्रतिपादन केले.

प्रत्यक्ष प्रयोग जे शिकवतो त्यातील बरेच काही सिम्युलेशनमध्ये हरवते. व्हर्नियर कॅलिपरमधील शून्यांक त्रुटी, ब्युरेटमधील द्रवाची वक्र पातळी डोळ्यांच्या रेषेत वाचण्याची सवय, सैल जोडणीमुळे थरथरणारा काटा, तीन वेळा मोजून तीन वेगळी उत्तरे येणे, हे सारे प्रयोगाचे अंगभूत धडे आहेत. सिम्युलेशनमधील मापक सहसा बिघडत नाही. शिवाय विद्यार्थ्यासमोर असते ते निसर्गाचे एक गृहीतकांवर आधारलेले प्रतिरूप. लंबकाचे प्रचलित सूत्र लहान कोनासाठीच लागू पडते. प्रतिरूपात तेच सूत्र वापरले असेल आणि विद्यार्थ्याने कोन ६० अंश केला, तर पडद्यावरील उत्तर नीटनेटके दिसेल, परंतु चुकीचे असेल. कोणती गृहीतके धरली आहेत, हे प्रयोगासोबत सांगणे त्यामुळे अत्यावश्यक ठरते.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांत प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकांसाठी आहेत. हे गुण हाताने केलेल्या कामाचे आहेत. आभासी प्रयोगशाळा पूर्वतयारी आणि उजळणीसाठी उपयोगी पडते, पण जेथे उपकरणेच नाहीत तेथे तिच्याकडे बोट दाखवून खरेदी टाळली गेली, तर नुकसान सुविधांपासून आधीच दूर असलेल्या विद्यार्थ्यांचेच होते.

अखेरच्या टप्प्याची अडचण

क्लाऊडने संगणकशक्तीचा प्रश्न सोडविला तरी ती शक्ती विद्यार्थ्यापर्यंत नेणारी वाट सर्वत्र सारखी नाही. उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना वेगवान जाळ्याने जोडण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०१० मध्ये ५ हजार ९९० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ज्ञान जालास मंजुरी दिली. शाळांची स्थिती मात्र निराळी आहे. शिक्षण मंत्रालयाच्या यूडायस प्लस अहवालानुसार इंटरनेट उपलब्ध असलेल्या शाळांचे प्रमाण २०२३-२४ मध्ये ५३.९ टक्के होते. २०२४-२५ मध्ये ते ६३.५ टक्क्यांवर गेले. सुधारणा लक्षणीय आहे, तरीही तीनपैकी एकाहून अधिक शाळांत ही सोय नाही.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने ही दरी उघड केली. प्रयोगशाळा बंद झाल्या आणि आभासी प्रयोग हा एकमेव मार्ग उरला, तेव्हा अनेक घरांत एकच स्मार्टफोन होता आणि तो दिवसभर घरातील कमावत्या व्यक्तीजवळ असे. संगणकाच्या रुंद पडद्यासाठी व माऊससाठी रचलेले प्रयोग फोनवर उघडले तरी हाताळता येत नसत. म्हणून फोनवर चालणारे आणि एकदा उतरवून ठेवता येणारे प्रयोग हीच अशा शाळांसाठी व्यवहार्य वाट ठरते.

भाषेचाही प्रश्न आहे. २०२१-२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम चालविण्याची मुभा दिली. मात्र पाठ्यपुस्तक मराठीत आणि सिम्युलेशनमधील कळा, सूचना व त्रुटीसंदेश इंग्रजीत, अशी स्थिती राहिली तर विद्यार्थ्याचा निम्मा वेळ पडदा समजून घेण्यातच जातो.

खर्च, आयुर्मान आणि विदा

वापरानुसार देयक ही सोय निष्काळजीपणामुळे महागात पडू शकते. विद्यार्थी काम संपवून निघून गेला आणि आभासी यंत्र सुरूच राहिले, तर मीटरही चालू राहतो. त्यामुळे ठराविक वेळेनंतर यंत्र आपोआप बंद होण्याची व्यवस्था, प्रत्येक तुकडीसाठी खर्चाची कमाल मर्यादा आणि देयकाचा साप्ताहिक आढावा, या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून आवश्यक असतात. मोठ्या संस्थांना स्वतःचा क्लाऊड उभारण्याचाही पर्याय असतो. आयआयटी दिल्लीने ‘बादल’ नावाने अशी व्यवस्था विकसित केली.

आयुर्मानाचा धडा फ्लॅशने दिला. या तंत्रावर जगभरात असंख्य शैक्षणिक सिम्युलेशन तयार झाली होती. अॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार संपविला आणि ब्राउझरमधून ती उघडेनाशी झाली. फेट आणि व्हर्च्युअल लॅब्स यांना आपले अनेक प्रयोग आधुनिक वेब तंत्रज्ञानात नव्याने लिहावे लागले. ज्या प्रयोगांना वाली नव्हता ते कालबाह्य झाले. प्रकल्पाला मिळणारे अनुदान काही वर्षांचे असते, तर अभ्यासक्रमाची गरज कायमची. निर्मितीइतकीच देखभालीची तरतूद असावी आणि मूळ आज्ञावली सार्वजनिक ठेवावी, म्हणजे एका संस्थेने काम थांबविले तरी दुसरी ते पुढे नेऊ शकते. व्हर्च्युअल लॅब्सच्या प्रयोगांची आज्ञावली अशी खुली ठेवण्यात आली आहे.

तिसरा मुद्दा विदेचा, म्हणजे विद्यार्थ्यांविषयी साठणाऱ्या माहितीचा. क्लाऊडवरील सिम्युलेशनमध्ये विद्यार्थ्याने कोणती कळ कधी दाबली, कोठे अडखळला, किती प्रयत्न केले, याची नोंद होऊ शकते. शिक्षकासाठी ती मोलाची असते. संपूर्ण वर्ग एकाच पायरीवर अडला असेल तर शिकविण्यात काय बदलावे, ते कळते. मात्र हीच नोंद मुलाचे कायमचे प्रगतिपुस्तक बनू शकते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तींच्या विदेवरील प्रक्रियेसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे. शैक्षणिक संस्थांना लागू होणाऱ्या सवलती व अटी पाहूनच सेवेचा करार करणे हिताचे ठरते. नाव न विचारता उघडणारे प्रयोग हा त्यावरील सर्वांत सोपा उपाय आहे.

शिक्षकाची भूमिका

सिम्युलेशन उघडून दिल्याने शिकणे आपोआप घडत नाही. विद्यार्थी कळा दाबत राहतो, आकडे बदलतात आणि तास संपतो, असा अनुभव अनेक शिक्षक घेतात. प्रयोग सुरू करण्यापूर्वी काय घडेल याचा अंदाज वहीत लिहायला लावणे, एका वेळी एकच घटक बदलू देणे आणि अंदाज चुकला तर कारण शोधायला लावणे, या साध्या पद्धतीने त्याच तासाचे चीज होते. त्यानंतर उपलब्ध असलेल्या एकाच खऱ्या उपकरणावर तोच प्रयोग करून पडद्यावरील व प्रत्यक्षातील उत्तरांतील फरकाची चर्चा केली, तर प्रतिरूप आणि वास्तव यांतील अंतर हाच एक धडा बनतो.

नवी योजना स्वीकारताना संस्थाचालकांनी काही गोष्टी आधी तपासून घेणे उचित ठरते. प्रयोगाचे गणित फोनवर होते की दूरच्या यंत्रावर. जोडणी तुटल्यास काय होते. साहित्य विद्यार्थ्यांच्या भाषेत आहे का. अनुदान संपल्यावर देखभाल कोण करणार. विद्यार्थ्यांची माहिती कोठे साठते. आणि प्रत्यक्ष प्रयोगशाळेची तरतूद कायम आहे ना. यांपैकी क्षमतेचा प्रश्न क्लाऊडने बऱ्याच अंशी मिटविला आहे. उर्वरित प्रश्नांची उत्तरे शाळा, विद्यापीठे आणि सरकार यांनाच द्यावी लागणार आहेत.